पाच ते सहा : पाठ्यपुस्तक बंद

उमुआहियाचं गव्हर्नमेंट कॉलेज नावाला कॉलेज. प्रत्यक्षात मुलांची निवासी माध्यमिक शाळा. नायजेरियाच्या आग्नेय भागात, तेल-माडांच्या प्रदेशात, पोर्ट हारकोर्टहून एनुगूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या एका गावाच्या कडेला ती उभी आहे. तिथला एक दिवस इथे मांडतो. साल १९४६ धरा. घड्याळाचे काटे सालागणिक पाच-दहा मिनिटं मागेपुढे सरकले असतील, घंटांचा क्रम मात्र तोच.

मुख्याध्यापक आहेत विल्यम सिम्पसन, केंब्रिजमध्ये गणित शिकून वसाहतीच्या शिक्षणखात्यात आलेले. हजेरीपटावर आल्बर्ट अचेबे असं नाव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यावरून ठेवलेलं ते 'आल्बर्ट' पुढे विद्यापीठात गेल्यावर हा मुलगा टाकून देणार आहे आणि उरलेल्या लांबलचक इग्बो नावातून फक्त 'चिनुआ' ठेवणार आहे. त्याच्यामागे एक वर्ष ख्रिस्तोफर ओकिग्बो आणि चुक्वुएमेका इके. एलेची अमादी दोन वर्षांनी येईल. कवी गेब्रिएल ओकारा आधीच इथून शिकून गेलेला आहे, केन सारो-विवा १९५४ मध्ये दाखल व्हायचा आहे. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी साहित्याच्या पहिल्या पिढीतली इतकी नावं एकाच शाळेच्या हजेरीपटावर सापडावीत, हे नुसतं नशीब म्हणून सोडून देता येत नाही. शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा आहे की जो दुसऱ्या शाळांत नव्हता. तिथे पोहोचेपर्यंत बाकीचा दिवसही पाहू.

पहाटे, सहाच्या आधी

घंटा होते तेव्हा अंधार असतो. विषुववृत्त इथून साडेपाच अंशांवर आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी तेवढ्याच वाजता मावळतो. दिवस लहानमोठा होण्याची भानगड नाही. वेळापत्रक एकदा आखलं की बारा महिने चालतं. बदलतं ते हवामान : एप्रिल ते ऑक्टोबर धो धो पाऊस, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर; आणि डिसेंबरापासून सहाराकडून येणारं 'हारमॅटन' वारं, ज्यात ओठ फुटतात आणि अंथरुणावर धूळ बसते.

मुलं 'हाउस'मध्ये राहतात. इंग्लंडच्या पब्लिक स्कूलची ही पद्धत जशीच्या तशी उचललेली. सगळ्यात जुनं ते स्कूल हाउस. अचेबे नायजर हाउसमध्ये. प्रत्येक हाउसला एक मास्तर, त्याच्या हाताखाली प्रीफेक्ट, आणि प्रीफेक्टच्या हाताखाली उरलेलं जग. एका खोलीत झोपणारी मुलं मात्र इंग्लंडसारखी एका भाषेची नाहीत. कोणी इग्बो, कोणी इजॉ, कोणी एफिक, कोणी इबिबियो. काही तर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅमेरूनमधून आलेली. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचं शाळेने दिलेलं उत्तर सरळ आहे : इंग्रजीत. झोपेतून उठल्यापासून.

आंघोळीच्या वेळी हा नियम सर्वांत जास्त अंगावर येतो. अर्धवट झोपेत, अंगावर गार पाणी, हात चाचपडत असतात, आणि तोंडातून येते ती आईची भाषा. अचेबेंना या शाळेत मिळालेली पहिली शिक्षा अशीच : शेजारच्या मुलाला 'साबण दे' म्हणाले, पण इग्बोत म्हणाले. पुढे मोठेपणी त्यांनी हा प्रसंग सांगितला तो कडवटपणे नाही. इतक्या भाषांच्या पोरांना एका छपराखाली आणायचं तर काहीतरी समान हवं होतं, हे त्यांना मान्य होतं. त्यासाठी साबणाच्या वडीवरून शिक्षा व्हावी का, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं म्हणून दंड भरलेली पोरं आपल्याकडेही चिक्कार आहेत. त्यातल्या किती जणांनी पुढे त्या इंग्रजीचा असा वापर केला, ते मोजून पाहावं.

सात

गवत. पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याही निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्याला गाठा, पाच मिनिटांत तो गवतावर येतो. इतका पाऊस पडतो आणि माती इतकी सुपीक की हात आखडला तर पंधरा दिवसांत शाळा दिसेनाशी होईल. म्हणून प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. त्याला 'पोर्शन' म्हणतात. हातात कटलास, म्हणजे लांब पात्याचा कोयता. कमरेत वाकायचं, डाव्या हाताने तोल सांभाळायचा आणि उजव्या हाताने पातं जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवायचं. पातं उंच गेलं तर गवत नुसतं वाकतं, खाली गेलं तर दगडावर आपटून धार जाते. नव्या मुलांच्या तळव्यांना पहिल्या आठवड्यात फोड येतात. नेमून दिलेलं गवत हे रोजचं काम, आणि शिक्षा म्हणून मिळालं तर तेच गवत दुप्पट. ज्याने काल वर्गात इजॉ भाषेत विनोद केला, तो आज सकाळी कुठे असेल हे सांगायला नको.

नंतर तपासणी. बिछाना, ट्रंक, नखं. ते लवकर आटोपतं.

हे आवार रॉबर्ट फिशर नावाच्या पाद्र्याने उभं केलं. १९२९ मध्ये शाळा उघडली ती आधी शिक्षक घडवण्यासाठी, पंचवीस मुलांवर. वर्षभरात तिची माध्यमिक शाळा झाली. फिशर दहा वर्षं इथे होते आणि मुलं आजही स्वतःला 'फिशर बॉइज' म्हणवतात. जागा ऐसपैस होती, मोठमोठी मैदानं, मधून रस्ते, झाडांच्या रांगा. कोकणातल्यासारखी लाल माती आणि त्यावर इंग्लंडमधल्यासारखी हिरवळ, असा तो देखावा.

शाळा उघडली त्याच वर्षाच्या अखेरीस, इथून थोड्याच अंतरावरच्या ओलोको गावात एका विधवेच्या अंगणात एक शिरगणती करणारा माणूस आला. घरात माणसं किती, बकऱ्या किती, असं विचारू लागला. पुरुषांवर कर आधीच बसला होता. आता बायकांवरही बसणार, अशी कुणकुण होती. त्या बाईने, न्वान्येरुवाने, त्याला उलटून विचारलं की तुझ्या आईची गणती झाली का? तिथून ठिणगी पडली. नोव्हेंबर-डिसेंबर १९२९ मध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, सरकारने नेमलेल्या मुखियांच्या टोप्या काढून घेतल्या, न्यायकचेऱ्यांवर चालून गेल्या. सैनिकांच्या गोळ्यांनी पन्नासाहून जास्त बायका मेल्या. इतिहासात याला 'बायकांचं युद्ध' म्हणतात. एकाच वर्षी सरकारने मुलांसाठी हिरवळ अंथरली आणि बायकांवर गोळ्या झाडल्या. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला अर्थातच यातलं काही शिकवलं जात नाही.

आठ ते दीड

तास. गणित, लॅटिन, इंग्रजी, भूगोल, शास्त्र. शेवटी परीक्षा केंब्रिजची. प्रश्नपत्रिका बोटीने येतात, उत्तरपत्रिका बोटीने जातात. पश्चिम आफ्रिकेचं स्वतःचं परीक्षा मंडळ १९५२ पर्यंत नव्हतं.

अशी शाळा सरकारने का काढली, हे विचारण्यासारखं आहे, कारण सरकारला ती फारशी काढायची नव्हती. पूर्व नायजेरियात शाळा चालवायच्या त्या मिशनऱ्यांनी. सरकारचं लागोसमधलं किंग्ज कॉलेज १९०९ चं. त्यानंतर बराच काळ हात आखडता. नायजेरियाचा पहिला गव्हर्नर-जनरल फ्रेडरिक लुगार्ड मद्रासेत जन्मलेला. आपल्या १९२२ च्या पुस्तकात शिक्षणाविषयी लिहिताना तो पुन्हा पुन्हा हिंदुस्थानकडे बोट दाखवतो : तिथे आपण पुस्तकी शिक्षण दिलं आणि असंतुष्ट सुशिक्षितांचा वर्ग तयार करून बसलो, आफ्रिकेत ही चूक नको. म्हणजे पुणे-मुंबई-कलकत्त्याच्या पदवीधरांनी साम्राज्याला जो ताप दिला, त्याची किंमत नायजेरियातली पोरं मोजत होती. १९२५ मध्ये लंडनच्या वसाहत खात्याने धोरणच जाहीर केलं की शिक्षण स्थानिक जीवनाला धरून असावं, शेती असावी, हस्तकला असावी, चारित्र्य घडावं. उमुआहियाची शाळा या हवेत जन्मली. 'चारित्र्य' हा त्या काळातला सरकारी परवलीचा शब्द. पुस्तक वाचणारा पोरगा वकील होतो आणि वकील झाला की भाषणं करतो, ही भीती त्यामागे.

त्या धोरणातून एक भलतीच चांगली गोष्ट निघाली. १९३० च्या दशकात इथे केनेथ मरी नावाचा चित्रकलेचा मास्तर होता. इंग्रजी देखाव्यांची नक्कल करायला लावण्याऐवजी तो मुलांना आपल्या गावची माती, आपल्या गावचं लाकूड आणि मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांकडे पाहायला सांगे. त्याच्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन १९३७ मध्ये लंडनच्या झ्वेमर गॅलरीत भरलं. त्यातला एक बेन एन्वोन्वू. पुढे तो नायजेरियाचा सर्वांत नावाजलेला शिल्पकार झाला आणि वीस वर्षांनी त्याच्यासमोर इंग्लंडची राणी एलिझाबेथ पुतळ्यासाठी बसली. तोंडाने इग्बो बोललं तर गवत कापायचं आणि हाताने इग्बो बोललं तर लंडनला प्रदर्शन, असा हा मामला.

आपल्या १९४६ च्या दिवसात मरी इथे नाही. मधली काही वर्षं शाळाच जागेवर नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इमारती ताब्यात घेतल्या आणि कॅमेरूनकडून आणलेले जर्मन आणि इटालियन कैदी इथे ठेवले; मुलं दुसऱ्या शाळांत विखुरली. १९४४ ला सिम्पसन आले ते मोडलेली घडी पुन्हा बसवायला. अचेबे त्यांच्या पहिल्याच तुकडीतला. त्याला ओनित्शातल्या नामांकित मिशन शाळेतही प्रवेश मिळाला होता. शिक्षक असलेल्या थोरल्या भावाने, जॉनने, उमुआहिया सुचवलं. घरातला मोठा भाऊ बोलला म्हणजे विषय संपला, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

दोन

जेवण. उकडलेला याम नावाचा कंद, चवळी, किंवा गारीचा एबा आणि त्याबरोबर पाम तेलातलं रस्सावजा सूप. गारी म्हणजे कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजून केलेला रवा. गरम पाण्यात ढवळला की घट्ट गोळा होतो. त्याचा लाडवाएवढा तुकडा मोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, सुपात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. मेसमध्ये अर्थात तक्रारी असतात. पण खरी गारी ट्रंकेतली : घरून आणलेली, गार पाण्यात भिजवलेली, वर साखर आणि भुईमुगाचे दाणे. नायजेरियात निवासी शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, रात्री भूक लागली की हेच. घरून आलेली पिशवी सत्राच्या शेवटापर्यंत पुरवणं हेही एक शिक्षण.

मग सक्तीची विश्रांती. झोप येवो न येवो, खाटेवर आडवं व्हायचं. दुपारच्या त्या उकाड्यात यावर कोणाची तक्रार नसावी.

चार

मैदान. हाही ऐच्छिक नाही. फुटबॉल, हॉकी, धावण्याच्या शर्यती, आणि पश्चिम आफ्रिकेत जिथे जिथे सरकारी कॉलेज तिथे तिथे क्रिकेट. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना हा खेळ अजिबात कळत नसणार. पांढऱ्या कपड्यांतली पोरं एका चेंडूभोवती उभी, आणि बराच वेळ काही घडत नाही! उमुआहियाने मात्र तो मनावर घेतला. ओकिग्बो क्रिकेटही खेळे आणि फुटबॉलही. पुढे कवितेत आणि आयुष्यात त्याने जी बेदरकारी दाखवली, ती मैदानावरही होती असं त्याचे सोबती सांगतात. १९६७ मध्ये, नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या बाजूने यादवी युद्धात लढताना न्सुक्काजवळ तो मारला गेला, तेव्हा पस्तिशीचा होता.

अचेबे मैदानावर कुचकामी. खेळाच्या त्या सक्तीत जेमतेम तग धरून राहणाऱ्यांपैकी एक. त्याचा गोतावळा वेगळा : पाच-सहा पक्के अभ्यासू, सतत पुस्तकात डोकं. पहिल्या वर्षी त्याला एकदम वरच्या वर्गात चढवलं होतं, दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात. या गटाकडे पाहून सिम्पसनना आनंद व्हायला हवा होता. त्यांना काळजी वाटली.

पाच ते सहा

आणि म्हणून हा तास.

नियम असा. आठवड्यातले ठरावीक दिवस, संध्याकाळी, पाठ्यपुस्तक उघडायचं नाही. कादंबरी वाचा, चरित्र वाचा, इंग्लंडहून आलेलं सचित्र साप्ताहिक चाळा, घरी पत्र लिहा, टेबल टेनिस खेळा, काहीच न करता बसून राहा. पण भूमिती नको, लॅटिनची रूपं नकोत, परीक्षेची वही नको. सापडलात तर शिक्षा. मुलांनी त्याला 'टेक्स्टबुक अॅक्ट' असं कायद्याचं भारदस्त नाव दिलं होतं. गणिताच्या माणसाने केलेला हा नियम. आपल्या विषयाचं पुस्तकही त्याने त्यातून सोडलं नाही.

आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. खेळून आलेली पोरं, हातपाय धुतलेले, अंधार पडायला तास-सव्वा तास. केंब्रिजची परीक्षा डोक्यावर. तिच्यावर नोकरी, तिच्यावर विद्यापीठ, गावाने वर्गणी काढून पाठवलेल्यांच्या तर सगळ्या गावाचा डोळा. त्या मुलाच्या हातातून शाळाच अभ्यासाचं पुस्तक काढून घेते आणि म्हणते, वाचनालयात जा. लातूर पॅटर्नच्या एखाद्या वसतिगृहात हा प्रयोग करून पाहा. दुसऱ्या दिवशी पालक रेक्टरला घेराव घालतील.

पण वाचनालय तसंच होतं. अचेबेंनी इतकी पुस्तकं एका जागी आयुष्यात पाहिली नव्हती. वडील ख्रिस्ती धर्मप्रचारक, घरात बायबल आणि प्रार्थनेची पुस्तकं आणि भिंतीवर चर्चची पंचांगं. त्यातून आलेल्या मुलाला कपाटामागून कपाट. 'ट्रेझर आयलंड', 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स', 'डेव्हिड कॉपरफील्ड', 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज', 'प्रिझनर ऑफ झेंडा'. शाळेची घंटा, हाउस, प्रीफेक्ट, सगळं जिथून उचललं होतं ती शाळाच 'टॉम ब्राउन'च्या पानांत होती. ते वाचताना मुलांना आपण कुठे बसलो आहोत हे नव्याने कळलं असेल. त्याच कपाटात बुकर टी. वॉशिंग्टनचं 'अप फ्रॉम स्लेव्हरी'. ते पुस्तक वाचून अचेबे उदास झाला, पण त्यातून त्याला जगाची एक वेगळीच बाजू दिसली.

आणि रायडर हॅगर्ड. जॉन बकन. आफ्रिकेत शिरणारे शूर गोरे, त्यांच्यावर तुटून पडणारे काळे रानटी. उमुआहियाच्या वाचनालयात बसून, खिडकीबाहेर तेल-माडांची रांग, हा इग्बो मुलगा ते वाचतो आणि मनोमन गोऱ्या नायकाच्या बाजूने उभा राहतो. ते रानटी कधी एकदा मरतात असं त्यालाही होतं. पुढे अचेबेंनी हे स्वतःच मोकळेपणाने लिहिलं आहे : मी त्या रानट्यांमधला असू शकतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला या तासात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. नुसतं 'चांगलं वाचायला दिलं म्हणून लेखक झाले' एवढं म्हणून भागत नाही. पाठ्यपुस्तकातून हॅगर्ड शिकवला असता तर त्यावर प्रश्न आले असते, उत्तरं पाठ झाली असती, परीक्षा झाल्यावर विसरली असती. इथे तो कोणी शिकवला नाही. गुण नाहीत, टिपणं नाहीत, मास्तरने सांगितलेला अर्थ नाही. त्यामुळे ते वाचन फसवत फसवत पूर्ण आत गेलं, आणि एकदा आत गेलेली गोष्ट बाहेर काढायला माणसाला स्वतः लिहावं लागलं. सिम्पसनना यातलं काहीही अभिप्रेत नव्हतं. त्यांना सर्वांगाने वाढलेले, पुस्तकी किडे नसलेले, इंग्रजी वळणाचे सभ्य तरुण हवे होते. 'चारित्र्य'वाल्या धोरणाचीच ही एक फांदी. ज्या पुस्तकीपणाला लुगार्ड भीत होता, त्याला आळा घालण्यासाठी सिम्पसननी पाठ्यपुस्तक मिटवलं. आणि त्या मिटलेल्या पाठ्यपुस्तकामुळे साम्राज्याला पुढे जे लेखक मिळाले, ते कुठल्याही वकिलापेक्षा महागात पडले.

हा संबंध मी जोडलेला नाही. अचेबेंनी म्हातारपणी शाळेबद्दल लिहिताना स्वतःच तो जोडला : ओकिग्बो, अमादी, ओकारा, इके, सारो-विवा, अनिएबो अशी शाळेतून निघालेल्या लेखकांची नावं घेतली आणि याचं श्रेय त्या नियमाला दिलं. आधीच्या काळातल्या ओकाराला हा नियम लागू नव्हता, हे खरं. आणि नंतरच्यांच्या वेळी सिम्पसन नव्हते. पण एकदा वाचनालय भरलं आणि त्यात बसणं ही लाजेची गोष्ट उरली नाही, की सवय मुख्याध्यापकाच्या बदलीनंतरही टिकते.

सक्ती ती सक्तीच, हे इथे म्हणून ठेवतो. सकाळी साबणाला इग्बोत हाक मारली म्हणून शिक्षा करणारी शाळा आणि संध्याकाळी 'मनाला येईल ते वाच' म्हणणारी शाळा एकच आहे. आणि 'मनाला येईल ते' सुद्धा शिक्षेच्या धाकाने. वाचनालयात इग्बो पुस्तकांचं कपाट नव्हतंच. तरीही दोन हुकमांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्याने एक दार बंद केलं. दुसऱ्याने एक बंद दार उघडं ठेवलं, आत काय सापडेल याची मालकालाही नीट कल्पना नसताना.

सात ते नऊ

रात्रीचं जेवण आणि मग 'प्रेप' : दिव्याखाली ओळीने बसून गृहपाठ. आता पाठ्यपुस्तक चालतं. बोलायचं नाही, उठायचं नाही, प्रीफेक्ट फेऱ्या मारतो. अभ्यासू गट सुटलेला तास भरून काढतो.

निकालांवर त्या नियमाचा वाईट परिणाम झाला का? १९४८ मध्ये इबादानला नायजेरियातलं पहिलं विद्यापीठ-कॉलेज सुरू झालं, तेव्हा उमुआहियाची मुलं त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होती. अचेबेंना तर वैद्यकीय शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. वर्षभरात त्यांनी वैद्यक सोडून इंग्रजी, इतिहास आणि धर्म हे विषय घेतले, शिष्यवृत्ती गेली. सरकारी नोकरीत असलेल्या ऑगस्टिन या भावाने सुट्टीत घरी यायला ठेवलेले पैसे फीसाठी दिले. पाच ते सहाचा हिशोब इथे वळता झाला म्हणायला हरकत नाही.

नऊनंतर

दिवे बंद. पोरांचा दिवस संपला. त्या वाचनाचा संपायला अजून काही वर्षं आहेत.

इबादानच्या वर्गात इंग्रज प्राध्यापकाने जॉयस कॅरीची 'मिस्टर जॉन्सन' लावली. नायजेरियातलीच कादंबरी, इंग्लंड-अमेरिकेत वाखाणलेली. नायक जॉन्सन हा हसरा, नाचरा, बावळट काळा कारकून; शेवटी त्याचा गोरा साहेबच त्याला गोळी घालतो. वर्गातला एक विद्यार्थी उठून म्हणाला की मला या पुस्तकात एकच क्षण आवडला, जॉन्सनला गोळी घातली तो. प्राध्यापक सुन्न. अचेबेंनी हा किस्सा पुढे सांगितला आहे आणि त्यात तो सगळा वर्ग त्या विद्यार्थ्याच्या बाजूने होता. हॅगर्ड वाचताना गोऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलेली पिढी एवढ्या काळात उठून परत आली होती.

'थिंग्ज फॉल अपार्ट' १९५८ मध्ये लंडनला हाइनमानने काढली, पहिली आवृत्ती दोन हजार प्रतींची. चार वर्षांनी त्याच प्रकाशकाने आफ्रिकी लेखकांची स्वतंत्र मालिका सुरू केली आणि संपादक म्हणून अचेबेंनाच घेतलं. अमादीची 'द कॉन्क्युबाइन' त्याच मालिकेत १९६६ ला आली.

त्यानंतर उमुआहियावर जे आलं ते शाळेच्या घंटेच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९६७ मध्ये एनुगू पडल्यावर उमुआहिया ही बियाफ्राची राजधानी झाली. १९६९ च्या एप्रिलमध्ये तीही पडली. युद्धानंतरच्या दशकांत सरकारी शाळांचं जे नायजेरियाभर झालं तेच इथे झालं : पैसा आटला, विद्यार्थी वाढले, छपरं गळू लागली. २०१४ च्या सुमारास अबिया राज्य सरकारने शाळा चालवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांच्या फिशर एज्युकेशनल ट्रस्टशी करार केला. इमारतींची डागडुजी हे पैशाचं काम आहे, आणि उमुआहियाच्या माजी विद्यार्थ्यांत पैसेवाले डॉक्टर, इंजिनिअर, तेल कंपन्यांतले अधिकारी पुष्कळ आहेत. आता परीक्षा केंब्रिजची नाही, पश्चिम आफ्रिकेच्या आपल्या मंडळाची. पण त्या निकालाकडे डोळे लावून बसणारं गाव तेच आहे, आणि संध्याकाळी पाच वाजता मुलाच्या हातातून भूमिती काढून घेणाऱ्या मुख्याध्यापकाला त्या गावाची समजूत आजही स्वतःच काढावी लागेल.